गाडी ऑइल खाते तेव्हा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘गाडी ऑइल खाते’ अशी तक्रार घेऊन कोणी गॅरेजात गेला की त्याला दोनच सल्ले मिळतात. एक, ‘जाड ऑइल टाका’. दुसरा, ‘फुल सिंथेटिक टाका, बंद होईल’. दोन्ही सल्ले अर्धवट आहेत आणि अशा अर्धवट सल्ल्यांपायी चांगली इंजिने बिघडताना दिसतात, म्हणून हे पत्र. सिंथेटिक ऑइलने हा खप कमी होऊ शकतो, पण ते योग्य नंबरचे आणि योग्य दर्जाचे असेल तर, आणि मुळात दोष ऑइलने सुटण्यासारखा असेल तर.

आधी मोजा. ‘फार खाते’ हे काही माप नव्हे. गाडी सपाट जागी लावा, गरम इंजिन बंद करून दहा मिनिटे थांबा, डिपस्टिक पुसून पुन्हा घाला आणि ऑइल वरच्या खुणेपर्यंत आणून किलोमीटर लिहून ठेवा. हजार किलोमीटरनंतर त्याच जागी, त्याच पद्धतीने बघा. कमी पडलेले भरताना डबा आधी आणि नंतर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. इंजिन ऑइलची घनता ०.८५च्या आसपास असते, म्हणजे ८५ ग्रॅम गेले की १०० मिलिलिटर गेले. हजार किलोमीटरला १०० मिलिलिटर जात असेल तर खुशाल चालवा. २५० जात असेल तर दहा हजारांच्या सर्व्हिसपर्यंत अडीच लिटर होतात, आणि छोट्या पेट्रोल इंजिनात मुळात ऑइलच तीन-साडेतीन लिटर असते. काही युरोपीय कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत खप चालतो असे लिहिलेले आढळते. तो वॉरंटीचा आकडा आहे, इंजिनाच्या तब्येतीचा नव्हे. आणि डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यावर विसंबू नका. तो ऑइलची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. तो लागतो तेव्हा पंप हवा ओढू लागलेला असतो आणि बेअरिंग कोरडी पडू लागलेली असतात.

बऱ्याच तक्रारींचे मूळ मात्र ऑइल बदलतानाच रोवले जाते. डबा साडेतीन लिटरचा, इंजिन फिल्टरसह ३.१ लिटर घेणारे, आणि ‘उरलेले कशाला ठेवायचे’ म्हणून सगळा डबा आत. वरच्या खुणेच्या वर गेलेले ऑइल क्रँकशाफ्ट घुसळते, त्याला फेस येतो आणि त्याचे तुषार ब्रीदरच्या (इंजिनाच्या पोटातले वायू बाहेर काढणाऱ्या) पाइपातून इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या वाटेत, जाऊन जळतात. पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये ‘गाडीने ऑइल खाल्ले’ असे वाटते, ते हेच जादाचे ऑइल असते. ड्रेन प्लगचा वॉशर प्रत्येक वेळी नवा टाकला नाही तर तिथून थेंबथेंब गळते ते वेगळेच. रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा पसरून ठेवला की सकाळी खरे काय ते कळते.

गळत नसेल तर धूर बघा, आणि तो कधी येतो ते बघा. सकाळी स्टार्ट करताना निळा धूर भसकन येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्ह सील कडक झालेले असतात, रात्रभर इंजिनाच्या वरच्या भागातले, म्हणजे हेडमधले, ऑइल व्हॉल्व्हच्या गाईडमधून (ज्या नळीत व्हॉल्व्ह सरकतो तिच्यातून) खाली झिरपलेले असते. दम देत असताना सतत धूर येत असेल तर पिस्टनवरच्या रिंगांकडे बघावे लागेल. ही पारख घाटात फार छान होते. आंबा घाटातून साखरप्याकडे दुसऱ्या गिअरवर, एक्सलरेटर सोडून उतरताना पेट्रोल इंजिनाच्या इनटेकमध्ये मोठी निर्वात ओढ तयार होते आणि ती झिजलेल्या गाईडमधून ऑइल आत खेचते. पायथ्याशी पहिल्यांदा एक्सलरेटर दाबला की मागे निळा पडदा उठतो. मागच्या गाडीतल्याला तो स्पष्ट दिसतो, चालवणाऱ्याला दिसेलच असे नाही. म्हणून मागे ओळखीचे कोणी असेल तर त्याला बघायला सांगा.

यानंतर पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनाच्या पोटातले वायू इनटेकमध्ये सोडणारी झडप. छोटीशी वस्तू, बहुतेक पेट्रोल गाड्यांत किंमतही फार नसते, पण ती कोणी काढून बघत नाही. साधा व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवला की आतला भाग खुळखुळला पाहिजे. तो चिकटून बंद पडला असेल तर इंजिनाच्या पोटातला दाब बाहेर पडायला वाट शोधतो आणि ऑइल सील फोडतो. तो उघडाच अडकला असेल तर ऑइलचे तुषार सतत इनटेकमध्ये ओढले जातात. या दोन्ही दोषांवर कितीही महागडे ऑइल घातले तरी ते तसेच जळणार.

आता ऑइलकडे येऊ. ५डब्ल्यू-३० मधला ५डब्ल्यू हा थंडीचा आकडा. ५डब्ल्यूला उणे ३० अंशांवर आणि ०डब्ल्यूला उणे ३५ अंशांवर क्रँकिंगची, म्हणजे थंड इंजिन स्टार्टरने फिरण्याची, चाचणी द्यावी लागते. वेण्णा तलावाकाठी हिमकण दिसले तरी ती थंडी आपल्या वाट्याला येत नाही. दुसरा आकडा गरम इंजिनातल्या दाटपणाचा. १०० अंशांवर ३० नंबरचे ऑइल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (हे दाटपणाचे माप) असते, ४० नंबरचे १२.५ ते १६.३ आणि ५० नंबरचे १६.३ ते २१.९. मॅन्युअलमध्ये तापमानाच्या तक्त्यात दोन-तीन नंबर दिलेले असतील आणि गाडी ऑइल खात असेल, तर त्यातला एक पायरी वरचा नंबर जरूर घ्या. ३० वरून ४० वर गेले तर काही इंजिनांत खप खरोखर उतरतो. पण पायरी तक्त्यातली हवी. ०डब्ल्यू-२० साठी बनवलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० ओतणे ही चूक आहे. अशा इंजिनात व्हीव्हीटीच्या (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेच्या) ऑइल व्हॉल्व्हची जाळी अगदी बारीक असते, टायमिंग चेनचा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. जाड ऑइल सकाळी तिथवर उशिरा पोहोचते, चेन खडखडते, चेक इंजिनचा दिवा लागतो. खप कमी झाला असे वाटते तोवर दुसरेच काम निघते.

ऑइल जाते ते फक्त रिंगांमधून गळून नाही, ते वाफ होऊनही जाते. वरच्या रिंगेजवळचा भाग इतका तापतो की ऑइलमधले हलके अंश उडून जातात. किती उडतात हे मोजणाऱ्या चाचणीला नोॲक म्हणतात. २५० अंशांवर एक तास तापवून वजन किती टक्के घटले ते बघतात. एपीआय या अमेरिकी संस्थेच्या एसपी दर्जासाठी ही घट १५ टक्क्यांपर्यंत चालते, एसीईए या युरोपीय वाहन उत्पादकांच्या संघटनेच्या ए३/बी४ आणि सी३ या दर्जांसाठी १३ टक्क्यांपर्यंतच. ही टक्केवारी जशीच्या तशी रस्त्यावरच्या खपात उतरत नाही, पण एकाच नंबरची दोन ऑइले समोर असतील तर कमी नोॲकचे घ्यावे हा सरळ हिशोब आहे. आकडा डब्यावर नसतो, कंपनीच्या टेक्निकल डेटा शीटमध्ये असतो. तो मागा. मिळाला नाही तर मॅन्युअलला चालणारा एसीईए दर्जा मागच्या लेबलवर आहे का ते बघा, निदान १३ टक्क्यांची मर्यादा पाळलेली असते. याच कारणाने मॅन्युअल ०डब्ल्यू-३० आणि ५डब्ल्यू-३० दोन्हींना परवानगी देत असेल तर आपल्याकडे ५डब्ल्यू-३० घ्यावे. ०डब्ल्यूचा आकडा गाठायला सहसा हलके बेस ऑइल वापरावे लागते आणि हलके ते लवकर उडते.

‘सिंथेटिक’ या शब्दाचेही असेच आहे. कच्च्या तेलावर हायड्रोजनची कडक प्रक्रिया करून केलेले तिसऱ्या गटाचे बेस ऑइल आणि रसायनापासून बांधलेले चौथ्या गटाचे पीएओ, दोन्ही याच शब्दाखाली विकली जातात. तिसऱ्या गटाचे चांगले ऑइल उत्तमच असते, त्याला नावे ठेवायचे कारण नाही. पण ‘सेमी-सिंथेटिक’ डब्यात सिंथेटिक किती टक्के हे त्या शब्दावरून मुळीच कळत नाही. म्हणून शब्द सोडा, नंबर आणि दर्जा वाचा.

बीएस-६ डिझेलवाल्यांनी इथे विशेष जपावे. एप्रिल २०२० पासूनच्या बहुतेक डिझेल कारमध्ये डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर आहे. इंजिनात जळलेल्या ऑइलची राख त्यात साठते आणि काजळी जाळण्याच्या रीजनरेशनमध्ये ही राख जळत नाही. सी३ दर्जात सल्फेटेड ॲश, म्हणजे ऑइल जळल्यावर उरणारी राख, ०.८ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, तर जुन्या ए३/बी४ मध्ये ती १.६ टक्क्यांपर्यंत असू शकते. नंबर तोच म्हणून स्वस्तातला दुसरा डबा घेतला तर फिल्टर लवकर भरतो आणि त्याचा खर्च ऑइलमध्ये वाचलेल्या पैशांच्या कितीतरी पट होतो. शिवाय शहरात छोट्या छोट्या फेऱ्यांत रीजनरेशन अर्धवट राहिले की डिझेल ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर पातळी तितकीच दिसते, कधी वाढलेलीही दिसते. मालक खूश असतो, आणि आत ऑइल पातळ होत जाते. डिपस्टिकला डिझेलचा वास आला तर किलोमीटर न बघता ऑइल बदला.

रिंगा झिजलेल्या नसून नुसत्या अडकलेल्या असतील, तर मात्र चांगले सिंथेटिक खरा गुण देते. पिस्टनवरच्या तिसऱ्या, म्हणजे ऑइल रिंगेमागे ऑइल परत जाण्यासाठी बारीक भोके असतात. पंधरा-वीस हजार किलोमीटर तेच ऑइल ओढले की ती काजळून बुजतात, रिंग खाचेत चिकटते आणि बोअरवरचे, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरचे, ऑइल खरवडले जात नाही. अशा इंजिनात योग्य दर्जाचे सिंथेटिक घालून, फिल्टरसह पाच-पाच हजारांवर सलग तीन वेळा बदला आणि प्रत्येक हजाराचा खप लिहीत जा. उतरत असेल तर वाट बरोबर आहे. जुन्या, गाळ साचलेल्या इंजिनात जोरदार फ्लश मारण्याचा मोह टाळा. सुटलेला गाळ संपमधल्या (इंजिनाच्या तळच्या ऑइलच्या भांड्यातल्या) गाळणीवर बसला तर ऑइलचा पंप उपाशी राहतो.

सीएनजीवाल्यांनी ऑइलच्या रंगावर जाऊ नये. गॅसवर काजळी कमी, म्हणून ऑइल सोनेरी दिसते, पण उष्णतेने ते जुने होतच असते. दुचाकीला कारचे सिंथेटिक घालू नये. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो, त्याला जासो या जपानी मानकाचे एमए किंवा एमए२ दर्जाचे ऑइल लागते, नाहीतर क्लच सटकतो.

तीन बदलांनंतरही खप तसाच असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासा. पेट्रोल इंजिनात कमी दाखवणाऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वर गेला तर रिंगा किंवा बोअर, नाही गेला तर व्हॉल्व्ह. बोअरला नखाला लागतील असे चरे असतील तर जगातले कोणतेही ऑइल ते भरून काढत नाही. टर्बो डिझेलमध्ये इंटरकूलरच्या पाइपात ऑइलचे थारोळे दिसले तर गाडी तिथेच थांबवा. टर्बोचे सील गेले की इंजिन स्वतःचेच ऑइल जाळत बेफाम फिरू शकते आणि चावी काढूनही थांबत नाही. तसे झालेच तर ब्रेक घट्ट दाबून वरचा गिअर टाका आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा.

गॅरेजमालकांना आणि सर्व्हिस सेंटरना आमची विनंती आहे की बिलावर नुसते ‘इंजिन ऑइल’ लिहू नये. ‘५डब्ल्यू-३०, एसीईए सी३, ३.१ लिटर, फिल्टर आणि ड्रेन वॉशर नवा’ असे लिहावे आणि किलोमीटर टाकावेत. ऑइल कंपन्यांनी नोॲकचा आकडा लेबलवर छापावा. आणि आपल्या वृत्तपत्रात नव्या गाडीची ओळख छापून येते तेव्हा मायलेजच्या जोडीला त्या इंजिनाला ऑइल किती लिटर आणि कोणत्या दर्जाचे लागते, एवढी एक ओळ द्यावी.

कळावे,
आपले,
इंजिन दुरुस्तीच्या कामातील काही वाचक,
कोल्हापूर