उंच तळ्यांत ट्राउट सोडण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत काश्मीरमधील उंचावरच्या तळ्यांच्या भटकंतीवर आलेला लेख आवडीने वाचला. विशनसर, गडसर, गंगाबल या तळ्यांचे वर्णन लेखकाने जीव ओतून केले आहे. मात्र शेवटी त्यांनी अशी सूचना केली आहे की, ज्या तळ्यांत अद्याप ट्राउट हा थंड पाण्यातला मासा नाही तेथेही शासनाने त्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, सोडावी, म्हणजे ‘वाया जाणारे’ पाणी कामी येईल आणि घोडेवाले, तंबूवाले, वाटाडे यांना चार पैसे मिळतील. उमेदीची वर्षे मत्स्यव्यवसायाच्या नोकरीत गेल्यामुळे आणि मुलीच्या निमित्ताने कॅलिफोर्नियात अधूनमधून राहणे होत असल्यामुळे या सूचनेवर लिहिणे मला आवश्यक वाटले. हाच प्रयोग तेथील सिएरा नेवाडा पर्वतात शंभराहून अधिक वर्षे फार मोठ्या प्रमाणावर झाला आणि त्याचे परिणाम निस्तरण्याचे काम आजही चालू आहे.

सिएरा नेवाडात साधारण अठराशे मीटरच्या वरची बहुतेक तळी हिमनद्यांनी खडक कोरून केलेली आहेत. हिमनद्या मागे हटल्यावर खोलगट जागांत पाणी साचले. पण या तळ्यांतून निघणारे ओढे उभ्या कड्यांवरून धबधब्यांनी खाली कोसळत असल्यामुळे खालच्या नद्यांतला मासा वर चढू शकला नाही. दक्षिणेकडील कर्न नदीचे पठार हा त्याला ठळक अपवाद असून तेथे गोल्डन ट्राउट ही सोनेरी अंगाची देखणी जात मूळचीच आहे. बाकीची हजारो तळी माशाविना होती आणि त्यांच्यात बेडूक, जलकीटक व डोळ्यांना जेमतेम दिसणारे कवचधारी जीव यांची भरभराट होती. अशा पाण्याला ‘रिकामे’ म्हणण्याची सवय आम्हा मत्स्यव्यवसायवाल्यांना फार आहे, कारण आमच्या तक्त्यात हेक्टरी किती किलो मासा निघाला एवढाच रकाना असतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात माणसांनीच मासे वर चढवायला सुरुवात केली. 1876 साली मल्की ओढ्यातले डझनभर गोल्डन ट्राउट कॉफीच्या भांड्यात घालून कॉटनवुड ओढ्यात सोडले गेले आणि 1891 साली त्यांची संतती आणखी वरच्या कॉटनवुड तळ्यांत पोहोचली, हा इतिहास तेथील गळवाले आजही कौतुकाने सांगतात. पुढे खेचरांच्या पाठीवर दुधाचे कॅन लादून बोटुकली नेण्याची पद्धत रुळली. दुसऱ्या महायुद्धानंतर तर राज्य सरकारने विमानेच लावली; तळ्यावरून खाली उतरत जायचे आणि पाण्यासकट बोटुकली सोडून द्यायची. वजनाने हलकी असल्यामुळे त्यांतली बहुतेक जगत. अशा रीतीने खालच्या नद्यांतले रेनबो ट्राउट, अमेरिकेच्या पूर्व भागातले ब्रुक ट्राउट आणि मूळ युरोपातले ब्राउन ट्राउट अशा तळ्यांत जाऊन पडले की जेथे चालत पोहोचायला दोन-दोन दिवस लागतात. 1964 च्या कायद्याने यांतला बराच प्रदेश मानवी हस्तक्षेपापासून मुक्त ठेवायचा म्हणून राखून ठेवण्यात आला, तरीही विमाने येतच राहिली, हा विरोधाभास त्या काळी फारशा कोणाला खटकलेला दिसत नाही.

याची सर्वाधिक झळ पिवळ्या पायांच्या डोंगरी बेडकाला बसली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिएरातल्याच योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या उंच भागात सर्वाधिक आढळणारा उभयचर तोच होता, आणि ग्रिनेल व स्टोरर या अभ्यासकांनी 1924 मध्येच लिहून ठेवले होते की ज्या तळ्यात मासा सोडला आहे तेथे बेडूक सहसा दिसत नाही. कारण या बेडकाच्या जीवनक्रमात आहे. आपल्याकडे पहिल्या पावसात घातलेल्या अंड्यांचे बेडूक पावसाळा सरण्यापूर्वी डबक्याबाहेर पडतात. सिएरात उन्हाळा इतका तोकडा असतो की या भैरोळ्याला, म्हणजे शेपटीवाल्या पिल्लाला, बेडूक होण्यासाठी दोन ते चार वर्षे लागतात आणि तेवढे हिवाळे त्याला बर्फाखालच्या पाण्यात काढावे लागतात. उथळ डबके तळापर्यंत गोठते किंवा उन्हाळ्यात आटते, म्हणून त्याला खोल तळेच हवे. ट्राउटलाही नेमके तेच तळे लागते. दोघांची गाठ टळण्यासारखी नसते आणि तीत पिल्ले संपतात.

1990 च्या दशकात रोलंड नॅप आणि कॅथलीन मॅथ्यूज यांनी शेजारशेजारच्या दोन प्रदेशांतील सतराशेहून अधिक तळी-डबकी तपासली. एक किंग्ज कॅन्यन राष्ट्रीय उद्यानातला, जेथे मासे सोडणे बंद झाले होते. दुसरा जॉन म्युर राखीव रानातला, जेथे ते चालू होते. पर्वत तोच, हवामान तेच. तरीही जेथे ट्राउट जास्त तेथे बेडूक नगण्य, हे 2000 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांतून स्पष्ट झाले. पुढे आणखी शोध घेतल्यावर बेडकाच्या जुन्या ठिकाणांपैकी 90 टक्क्यांहून अधिक ठिकाणी तो उरलेला नाही असे आढळले. 2014 साली अमेरिकेच्या केंद्र सरकारने सिएरातील या बेडकांना संकटग्रस्त घोषित केले.

बेडूक गेले म्हणजे त्यांच्यावर जगणारे पाणसाप कमी झाले. ट्राउट तळातल्या मेफ्लाय किड्यांच्या अळ्या खातो. या किड्यांचे पंख फुटलेले थवे ज्या तळ्यांवर उठत नाहीत, तेथे ते टिपायला येणारे गुलाबी झाक असलेले डोंगरी फिंच पक्षीही कमी येतात, हे 2010 मध्ये दाखवले गेले. पाण्यात सोडलेल्या माशाचा हिशेब काठावरच्या पक्ष्यापर्यंत जातो, हे आमच्या अभ्यासक्रमात मला कोणी शिकवले नव्हते.

सगळा दोष ट्राउटच्या माथी मारणे मात्र योग्य होणार नाही. उभयचरांच्या त्वचेला जडणाऱ्या कायट्रिड बुरशीने सिएरातल्या मासेविरहित तळ्यांतलेही बेडूक झपाट्याने मारले आहेत. फरक एवढाच की जेथे माशांमुळे बेडकांच्या वसाहती आधीच लहान व तुटक झाल्या होत्या, तेथे साथीनंतर पुन्हा उभे राहायला कोणी उरले नाही. उलट योसेमिटीत मासे सोडणे 1991 मध्ये पूर्ण थांबल्यानंतरच्या दोन दशकांत बेडकांची संख्या सुमारे सात पटींनी वाढली, आणि बुरशी अस्तित्वात असूनही वाढली, असे 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसले.

गळ टाकणाऱ्यांच्या बाजूने पाहिले तरी हिशेब वाटतो तितका फायद्याचा नाही. बिशप गावाच्या वायव्येला, रॉक क्रीकच्या खोऱ्यात, मॉस्किटो फ्लॅटपासून तळ्यातळ्यांतून वर जाणारी एक सोपी पायवाट आहे. तेथे एका वयस्कर गृहस्थांनी नुकताच धरलेला ब्रुक ट्राउट माझ्या ओल्या हातावर ठेवला. पाठीवर फिकट नागमोडी नक्षी, कुशीला निळसर कड्यांतले लाल ठिपके, खालच्या परांची कड पांढरीशुभ्र. परंतु डोके नको तेवढे मोठे, अंग चपटे आणि लांबी वीतभरही नाही. जातीने लहान असल्यामुळे त्याची ही अवस्था झालेली नव्हती. तो उपासमारीने खुरटलेला होता. ब्रुक ट्राउटला अंडी घालायला वाहता ओढा लागतोच असे नाही, तळ्याच्या तळाशी झरा असलेली वाळू-खडी त्याला पुरते. त्यामुळे एकदा सोडला की तो स्वतःच वाढतो, आणि तीन-चार महिन्यांच्या उन्हाळ्यात तयार होणारे तुटपुंजे खाद्य शेकडो तोंडांत वाटले जाते. म्हणूनच कॅलिफोर्नियाने बराच काळ लहान ब्रुक ट्राउटच्या बाबतीत रोजच्या मर्यादेपेक्षा जास्त मासे नेण्याची मुभा दिली होती. तरीही त्यांची संख्या आटोक्यात आली नाही, कारण दोन दिवस डोंगर चढून वीतभर माशांसाठी जाणार कोण?

यातूनच व्यवस्थापनाचा सर्वांत अवघड भाग समोर येतो. बोटुकली सोडणे थांबवले म्हणजे मासे आपोआप नाहीसे होतात, असा समज सर्वत्र आहे. सिएरातल्या बहुसंख्य ट्राउट-तळ्यांत मासे आता आपणहून टिकून आहेत. ते काढायचे तर बारीक धाग्याची, कल्ल्यांत अडकवणारी जाळी उन्हाळाभर लावावी लागतात, काही ठिकाणी हिवाळ्यात बर्फाखालीही ठेवावी लागतात, तळ्याला मिळणाऱ्या ओढ्यांत विजेच्या सौम्य झटक्याने मासे वेचावे लागतात आणि हे सलग काही वर्षे करावे लागते. शिवाय तळ्याखाली धबधब्यासारखा नैसर्गिक अडसर नसेल तर सगळी मेहनत फुकट, कारण खालचे मासे पुन्हा वर येतात. जाळ्यांनी भागत नाही तेथे रोटेनोन वापरण्याचा पर्याय असतो, पण आपल्याकडे ओढ्यात गेळफळे ठेचून मासे गुंगवण्याची जी जुनी रीत आहे तिच्याप्रमाणेच हे वनस्पतिजन्य विषही निवड करत नाही आणि ज्या जलकीटकांना वाचवायचे त्यांनाही मारते, म्हणून त्यावर तेथे सतत वाद होतात.

सेकोया-किंग्ज कॅन्यन उद्यानाने 2001 पासून निवडक तळ्यांत ही जाळी लावली. व्हान्स व्ह्रेडेनबर्ग यांनी मासे काढलेल्या तळ्यांची नोंद ठेवली तेव्हा बेडूक दोन-तीन हंगामांतच वाढू लागल्याचे दिसले. इतक्या उशिरा केलेला उपाय इतक्या लवकर लागू पडतो ही मला त्या सगळ्या कामातली सर्वांत आशादायक गोष्ट वाटते.

तेथे गळ टाकण्यावर सरसकट बंदी आलेली नाही, हे येथे मुद्दाम सांगतो. राज्याच्या खात्याने एकेक खोरे घेऊन त्यातले प्रत्येक तळे प्रत्यक्ष जाऊन तपासले आणि मग ठरवले की अमुक तळी मासेमारीसाठी राहतील, तमुक तळी बेडकांसाठी मोकळी होतील आणि बाकीच्यांना हात लावायचा नाही. पायवाटेजवळची, लोकांच्या आवडीची तळी बहुधा पहिल्या गटात राहिली. त्यामुळे बिशपमधल्या गळ-दोऱ्यांच्या दुकानदारांचे आणि खेचरवाल्यांचे पोट बुडाले नाही. हे शहाणपण सुखासुखी आलेले नाही. 2006 मध्ये पर्यावरणवादी संस्थांनी राज्याला न्यायालयात खेचले आणि त्यातून मत्स्यबीज सोडण्याच्या संपूर्ण कार्यक्रमाच्या परिणामांचा अहवाल 2010 मध्ये तयार झाला. तोपर्यंत शतकभर जे चालले होते ते कोणत्या पाहणीवर चालले होते, हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारला नव्हता. खुद्द गोल्डन ट्राउटचीही यात परवड झाली: त्याच्या मूळ पाण्यात सोडलेल्या परक्या ट्राउटपैकी रेनबोने त्याच्याशी संकर केला आणि ब्राउनने त्याला खाल्ले, आणि जो मासा 1947 पासून राज्याचा मानचिन्ह आहे त्याचे शुद्ध रक्त आज थोड्याच ओढ्यांत शिल्लक आहे.

आता काश्मीरकडे वळतो. ट्राउट तेथेही आणलेलाच आहे. 1899 साली ब्रिटनहून आलेली अंड्यांची पहिली खेप नासली, 1900 सालची टिकली, आणि हारवन येथील उबवणी केंद्रातून हा मासा खोऱ्याखोऱ्यांत पसरला. लिद्दर आणि सिंध नद्यांवरील परवान्याची मासेमारी तसेच शेततळ्यांतील रेनबोचे उत्पादन यांवर आज अनेक कुटुंबे जगतात, त्यामुळे ते बंद करा असे कोणी शहाणा म्हणणार नाही. हिमालय म्हणजे सिएरा नव्हे, हेही खरे. येथल्या नद्यांत असेला किंवा स्नो ट्राउट म्हणून ओळखले जाणारे मूळ मासे आहेत आणि कोणत्या तळ्यापर्यंत ते स्वतः पोहोचले हे तळ्यागणिक वेगळे असू शकते. नेमक्या याच कारणासाठी सरसकट बोटुकली सोडण्याची सूचना मला घाईची वाटते. ज्या तळ्यांत ट्राउट आधीच स्थिरावला आहे तेथे त्याचे नीट नियमन करावे, परवान्याचे पैसे स्थानिकांपर्यंत पोहोचवावेत; ज्या तळ्यांत तो नाही, तेथे निदान दोन-तीन उन्हाळे उभयचर व जलकीटकांची पाहणी झाल्याशिवाय एकही कॅन रिकामा करू नये.

महाराष्ट्रात ट्राउट जगण्याजोगे थंड पाणी नाही, म्हणून हा विषय आपल्यापासून दूरचा वाटेल. परंतु डासांच्या अळ्या खातात म्हणून गप्पी आणि गंबुसिया आपण वर्षानुवर्षे सोडत आलो आहोत. पाण्याच्या टाकीत, हौदात किंवा गावातल्या विहिरीत ते सोडण्याला माझी हरकत नाही. हौशी मंडळी मात्र तेच मासे ओंजळीने कुठेही सोडतात, आणि सड्यावरच्या कातळातली डबकी तर मुळातच माशाविना असलेले पाणी आहे. आंबोलीचा जो चिमुकला टोड जगात फक्त त्याच परिसरात सापडतो, तो अशाच उथळ डबक्यांत अंडी घालतो. आरोग्य खात्याने गप्पी वाटताना ते कोठे सोडायचे नाहीत हेही लेखी सांगावे, आणि सडे, देवराया व गडांवरची टाकी त्या यादीत सर्वांत वर असावीत, एवढी विनंती या पत्राद्वारे करतो.

आपला,
मत्स्यव्यवसायातील एक सेवानिवृत्त कर्मचारी,
रत्नागिरी