डावरे काकांची रायफल

सोलापूर,
कोजागरीचा दुसरा दिवस

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

दसऱ्याला शस्त्रपूजा झाल्यावर बाबांनी रायफल माझ्यापुढे धरून "आता ही तुझ्या नावावर करून घे" असे म्हटले आणि मी ताडकन "नको" म्हणून मोकळी झाले, त्याला आज सहा दिवस झाले. बाबांना फोनवर नीट ऐकू येत नाही आणि आईजवळ निरोप द्यावा तर पोहोचेपर्यंत त्यात तिचे मत मिसळते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. रायफल मी घेते.

नकार दिला तो भीतीपोटी नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. ज्या नान्नजच्या माळावर तुम्ही आणि डावरे काका काळविटांच्या मागे पहाटेपासून फिरत होता, त्याच माळावर मी मुलांना माळढोक दाखवायला नेले आणि तो न दिसताच परत आणले. अशा माळाची आठवण म्हणून बंदूक घरात ठेवावी, हे मला पटत नव्हते आणि खरे सांगायचे तर अजूनही पुरते पटलेले नाही.

पण त्या दिवशी तुम्ही रागाने ओसरीवर जाऊन बसलात, तेव्हा ती चादरीत गुंडाळून ठेवण्यापूर्वी मी सहज खांद्याला लावून पाहिली. लहानपणी तुम्ही हात लावू देत नव्हता, त्यामुळे चाळिशी उलटल्यावर ही पहिलीच वेळ. माझा डावा गाल दस्त्यावर जिथे टेकला, नेमक्या तिथेच लाकडाचा रंग उडालेला होता आणि ती जागा तळहाताएवढी गुळगुळीत झालेली होती. दस्त्याच्या दुसऱ्या अंगाचा, म्हणजे बाबांचा गाल जिथे टेकला असता त्या बाजूचा, रंग मात्र जवळजवळ जसाच्या तसा आहे. इतकी वर्षे तुमच्या परवान्यावर असून तुम्ही ती कधी खांद्याला लावलीच नाही, हे मला त्या क्षणी कळले.

काकांना सगळे गाव डावरे म्हणे, आणि ते आडनाव नसून डावखुरेपणामुळे पडलेले नाव आहे, हे मला पाचवीत गेल्यावर समजले. ईशापूरच्या कारखान्यातली ही ३१५ बोअरची रायफल उजव्या हाताच्या माणसासाठी बनवलेली, काडतूस आत-बाहेर करणारा बोल्ट उजवीकडे. त्यामुळे प्रत्येक बारानंतर त्यांना डावा हात वरून पलीकडे नेऊन बोल्ट ओढावा लागे, आणि तेवढ्यात ससासुद्धा दोन बांध ओलांडून जातो, अशी तुम्ही त्यांची थट्टा करत होता. मी डाव्या हाताने जेवते म्हणून आत्या पंगतीत माझ्या हातावर चापट मारायची, तेव्हा "पोरीचा हात बदलू नका, पाहिजे तर ताट फिरवा" असे म्हणणारे तेच एकटे होते. दादाला सोडून तुम्ही मला का निवडले, हे तुम्ही सांगितले नाहीत आणि मी विचारणारही नाही.

१९९८ साली, आजार हाताबाहेर गेल्यावर, काकांनी ती हयातीतच तुमच्या परवान्यावर चढवून दिली. मुलांनी विकली असती आणि घेणाऱ्याने पहिल्याच आठवड्यात दस्ता घासून पॉलिश केला असता, ही त्यांची भीती खरीच होती. आपल्याकडे आलेल्या सुताराला तुम्ही दारातूनच परत पाठवले होते, त्याचे कारण मला आता कळते.

कागदपत्रांची चौकशी मी केली आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाचे वय सत्तर झाले किंवा शस्त्र पंचवीस वर्षे त्याच्याकडे राहिले, तर वारसाला त्याच्या हयातीतच परवाना मिळू शकतो. बाबा दोन्ही अटींत बसतात. मी शहरात राहत असल्याने अर्ज पोलीस आयुक्तालयात करायचा आहे. बंदूक सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला मी काढते, दादाची ना-हरकतही मीच आणते. २०२४ मध्ये दोन निवडणुका आल्या आणि दोन्ही वेळा तुम्ही ती ठाण्यात जमा करायला एसटीने निघालात, पावती खिशात घालून परत आलात आणि ती परत मिळेपर्यंत नीट जेवला नाहीत. या वयात हे हेलपाटे आता मी घालीन.

आई, तुझा विरोध मला ठाऊक आहे. तू तिला अवदसा म्हणतेस आणि दर दसऱ्याला हळदकुंकू मात्र स्वतःच्या हाताने वाहतेस, हेही ठाऊक आहे. मुले घरात असल्याने बोल्ट काढून वेगळ्या कुलपात राहील. काडतुसे मी घेणारच नाही. उरलेली पाच बाबांनी परवानाधारक विक्रेत्याकडे रीतसर जमा करून पावती घ्यावी. ज्या सोलापुरी चादरीत ती गुंडाळलेली आहे, तीही मला हवी आहे, तेव्हा धुवायला काढू नकोस.

दिवाळीपूर्वी एक दिवस बाबांना सहीसाठी शहरात यावे लागेल; मी गाडी घेऊन येईन. तोपर्यंत बाबा नळीला नेहमीप्रमाणे तेल देतीलच, फक्त दस्त्याच्या त्या गुळगुळीत जागेवर तेलाचा बोळा फिरवू नये, एवढी विनंती.

आपली आज्ञाधारक,
धाकटी