माझा कोड वाचणाऱ्या ताईंना

ताई,

तुम्ही टीम सोडलीत त्या दिवशी मी नुसतं 'थँक यू' म्हणालो. कशाबद्दल, ते सांगायचं राहूनच गेलं.

फाइलमधल्या नोंदी डेटाबेसमध्ये भरणारा माझा कोड आठवतो? सगळ्या टेस्ट पास होत्या. तुम्ही मात्र रिकाम्या कॅच ब्लॉकवर, म्हणजे चूक झाल्यावर काय करायचं ते लिहायच्या जागेवर, बोट ठेवून विचारलंत, "इथे चूक झाली तर कळणार कोणाला?" मग एका ओळीतली तारीख मुद्दाम बिघडवून प्रोग्राम चालवायला लावलात. 'यशस्वी' असा संदेश आला आणि ती नोंद गायब! मी हादरलो. त्या दुपारी आपण तो ब्लॉक बदलला: फक्त तारखेची चूक पकडायची, ओळीच्या क्रमांकासह लॉगमध्ये लिहायची, शेवटी किती नोंदी भरल्या आणि किती नाकारल्या ते दाखवायचं. बाकीच्या एरर दाबायच्या नाहीत, वर जाऊ द्यायच्या.

ते फंक्शनही अवाढव्य होतं, इफमध्ये इफ, म्हणजे अटीत अट, चार पातळ्या खोल. थॉमस मकेब यांनी १९७६ मध्ये मांडलेली सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी, म्हणजे कोडमधून जाणाऱ्या स्वतंत्र वाटांची संख्या, तुम्ही तेव्हा समजावलीत. त्यांनी सुचवलेली मर्यादा १०, माझा आकडा २३. पण आकडा कमी करायला बसू नकोस, तो फक्त कुठे बघायचं ते सांगतो, असंही म्हणालात. कोडला हात लावण्याआधी आहे ते वागणं टिपणाऱ्या टेस्ट लिहायला लावल्यात. मगच चुकीच्या नोंदी सुरुवातीलाच रिटर्न करून बाहेर काढल्या आणि उरलेल्या कामाची छोटी फंक्शन्स केली. रिफॅक्टरिंगचा, म्हणजे वागणं तेच ठेवून रचना सुधारण्याचा, कमिट (जतन केलेला बदल) वेगळा, वागणं बदलणारा वेगळा. हे मी आजही मोडत नाही.

कोडमधल्या ८६४०० या आकड्याला 'दिवसाचे सेकंद' असं नाव देणं सोपं होतं. सवलत आणि कर यांची सारखी दिसणारी दोन फंक्शन्स मात्र मी उत्साहाने एकत्र करत होतो, तेव्हा तुम्ही थांबवलंत. दोन्ही आज योगायोगाने सारखी आहेत, बदलतील ती वेगवेगळ्या कारणांनी, हे मला कधीच सुचलं नसतं.

गेल्या आठवड्यात तारखांची लायब्ररी, म्हणजे तारखा हाताळणारा तयार कोड, बदलली. तुम्ही लिहायला लावलेली, २९ फेब्रुवारीची टेस्ट लगेच फेल झाली. दहा मिनिटांत चूक सापडली, एकही नोंद हरवली नाही. तेव्हाच हे पत्र लिहायला बसलो. मनापासून आभार, ताई.