मिशरीबद्दल कुणी विचारतच नाही

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

पेपरात दातांच्या काळजीवर लेख येतात ते मी आवर्जून वाचते. दोनदा ब्रश करा, गोड कमी खा, वर्षातनं एकदा तरी डेंटिस्टला दाखवा, सगळं बरोबरच आहे. पण मी कराड तालुक्यातल्या एका गावात राहते आणि इथं अजून कितीतरी घरांत सकाळी दात घासायचे म्हणजे मिशरी लावायची, आणि त्या मिशरीबद्दल या लेखांमधे मला कधी एक ओळ दिसली नाही. म्हणून हे पत्र.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तंबाखूची पानं तव्यावर नाहीतर खापरावर काळी होईपर्यंत भाजायची, त्या वासाने सगळी आळी खोकायला लागते, मग ती कुटून बारीक पूड करायची आणि डबीत भरून ठेवायची. सकाळी उठल्या उठल्या चिमूटभर घेऊन बोटाने दातांवर हिरड्यांवर चोळत बसायचं, चांगला पाव तास अर्धा तास, चूल पेटवताना पाणी भरताना तोंडात तीच. बऱ्याच जणींचं तेवढ्यावर भागत नाही, दुपारी जेवण झाल्यावर परत, रात्री झोपताना परत, शेतात जाताना डबी कमरेला.

आता मुद्दा असा की हिला कुणी तंबाखू म्हणतच नाही. आमच्या बचत गटातल्या एका काकूंच्या बरोबर मी दवाखान्यात गेले होते, डॉक्टरांनी विचारलं तंबाखू खाता का, काकू म्हणाल्या, "न्हाई ओ डॉक्टर, आमी कशाला तंबाखू खाऊ?" आणि डॉक्टरांनी पुढचा प्रश्न विचारला. काकू खोटं बोलल्या नाहीत हो, त्यांच्या हिशोबी तंबाखू म्हणजे पुरुष चुना लावून गालात धरतात ती. मी मधेच म्हटलं की काकू मिशरी लावतात, तेव्हा कुठं डॉक्टरांनी तोंड उघडायला लावून बॅटरी मारून बघितलं. हिरड्या खाली सरकलेल्या, मुळं उघडी पडलेली, समोरचे दोन दात हलतायत. गार पाणी पिता येत नाही म्हणून त्या कधीपासून कोमटच पाणी पितात हे मला त्या दिवशी कळलं.

सरकारच्या आरोग्य तपासणीतही हीच अडचण आहे. तीस वर्षांवरच्या लोकांची माहिती आशाताई घरोघरी भरून घेतात, त्या फॉर्मात तोंडाचा प्रश्न आहे, बरी न होणारी जखम आहे का, तोंड उघडायला त्रास होतो का, आणि व्यसनाचाही प्रश्न आहे. पण देशभरासाठी जो मूळ फॉर्म केलाय त्यात उदाहरणं दिलीत ती गुटखा आणि खैनी, म्हणजे चुना लावलेली तंबाखू, यांची. आमच्याकडच्या बाईला खैनी म्हणजे काय हे ठाऊकच नाही, ती "नाही" म्हणणार आणि तिच्यापुढं "कधीच नाही" अशी टिक होणार. २०१६-१७ च्या सरकारी तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १७ टक्के बायका तंबाखू वापरतात असं आलंय. बाया सिगरेट तर ओढत नाहीत आपल्याकडे, मग हे सगळं कुठून येतं याचा विचार करा.

मिशरी सोडा म्हटलं की जी उत्तरं येतात ती मला पाठ झालीत. पहिलं, तिने हिरड्या घट्ट होतात. घट्ट होत नाहीत, बधिर झाल्यासारख्या होतात आणि निकोटीनने रक्ताच्या बारीक नळ्या आखडतात, म्हणजे हिरडीला रक्तच कमी मिळतं. दुसरं, दात दुखायचा थांबतो. माझ्या माहितीतल्या कितीतरी जणींची सुरुवातच अशी झाली, दाढ दुखत होती, सासूने नाहीतर शेजारणीने सांगितलं मिशरी धर, ठणका कमी झाला आणि सवय लागली. पण दाढेतली कीड काही थांबत नाही, ती आतल्या नसांपर्यंत जाते, आणि मग रूट कॅनाल, म्हणजे दाढेच्या आतली किडलेली नस काढून ती भरणं, नाहीतर दाढच काढणं एवढाच इलाज उरतो. तिसरं, मिशरीशिवाय पोट साफ होत नाही. हे खरं आहे कारण निकोटीनने आतडी हलतात आणि शरीराला त्याची सवय होते, सोडल्यावर काही दिवस त्रास होतोच, डोकं दुखतं, चिडचिड होते, परसाकडला होत नाही. पण ते काही दिवसांचंच असतं, भाजी फळं वाढवली सकाळी उठून तांब्याभर कोमट पाणी प्यायलं की हळूहळू सुरळीत होतं.

भाजल्याने तंबाखूतलं विष जातं असंही काही जणी मानतात. निकोटीन राहतंच, उलट पानं जळताना आणखी घातक रसायनं तयार होतात. बिनधुराच्या, म्हणजे न ओढता खायच्या-लावायच्या तंबाखूने तोंडाचा कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने पक्कं सांगितलेलं आहे, त्यात शंका नाही. आणि गरोदर बायांसाठी तर हात जोडून सांगते, मुंबईत गरोदर बायांचा अभ्यास झाला होता, २००४ मधे छापून आला, त्यात तंबाखू वापरणाऱ्या, म्हणजे जास्त करून मिशरी लावणाऱ्याच, बायांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनी कमी भरलं. पोटात बाळ असताना उलटी मळमळ होते म्हणून मिशरी जास्त लावणाऱ्या पोरी मी बघितल्यात, त्यांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ सालीच बंदी घातली. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिशरीवर कोण बंदी घालणार? तिथं कायदा पोचत नाही, तिथं माणूसच पोचायला पाहिजे. आणि घरात आजी लावते म्हणून नात लावते, आजीच कौतुकाने बोटावर चिमूट देते, सात आठ वर्षांच्या पोरींना मी ओट्यावर बसून दात घासताना बघितलंय.

बरं, मिशरी सोडून वापरायचं काय तर त्याला फार पैसे लागत नाहीत. मऊ ब्रश आणि साधी, कीड रोखणाऱ्या फ्लोराइडची पेस्ट. जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर पेस्ट लागत नाही, मोठ्या माणसाला आणि तीन वर्षांवरच्या पोराला वाटाण्याएवढी, त्याहून लहानाला तांदळाच्या दाण्याएवढी पुरते. ब्रश हिरडी आणि दात जिथं मिळतात तिथं जरा तिरका धरून हळूहळू गोल फिरवायचा, दोन मिनिटं, आणि रात्री झोपायच्या आधीचं ब्रशिंग सकाळच्यापेक्षा जास्त महत्त्वाचं कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि अडकलेल्या अन्नावर जंतूंना रात्रभर रान मोकळं मिळतं. राखुंडी, कोळसा, विटेची भुकटी नको, त्याने दाताचं वरचं कवच घासलं जातं आणि ते परत येत नाही. कडुनिंबाची कोवळी काडी हलक्या हाताने वापरली तर माझी हरकत नाही, पण त्यात फ्लोराइड नसतं एवढं ध्यानात ठेवा.

ब्रश सुरू केल्यावर सुरुवातीला रक्त येतं आणि बाया घाबरून परत मिशरीकडे वळतात, हे फार होतं. रक्त येतं ते हिरडी सुजलेली असते म्हणून, दातांच्या मुळाशी कीटण साठलेलं असतं म्हणून. ब्रश थांबवायचा नाही, मऊ हाताने चालू ठेवायचा, आणि दोन आठवड्यांत थांबलं नाही तर डॉक्टरांना दाखवायचं. ज्यांना शुगर आहे त्यांनी तर लगेच दाखवायचं, शुगरने हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की शुगर आटोक्यात येत नाही. दात साफ करून घेतले की दात हलायला लागतात ही भीतीही घालवा. हाड आधीच झिजलेलं असतं, कीटण काढलं की ते दिसायला लागतं एवढंच.

माझं म्हणणं मोठं नाही. आशाताईंनी, अंगणवाडीत, गरोदर बायांच्या तपासणीला, दातांच्या शिबिरात, "तंबाखू खाता का" याच्या जोडीला "मिशरी लावता का, दिवसातनं किती वेळा" असं सरळ विचारावं, आणि कागदावर लिहावं. फॉर्म बदलायला वेळ लागेल पण तोंडाने विचारायला शासनाचा जीआर लागत नाही. "हो" म्हणणाऱ्या बाईला रागवू नये, तिच्या आईने सासूने तिला हेच शिकवलंय, तिचं तोंड नीट बघावं, पांढरा चट्टा किंवा दोन आठवड्यांत बरी न झालेली जखम दिसली तर पुढं पाठवावं.

तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारचा फोन नंबर आहे, १८००-११-२३५६, पैसे लागत नाहीत, तंबाखूच्या पाकिटावर छापलेला असतो पण आमच्या बाया सुटी पानं आणून घरीच भाजतात, त्यांच्या हातात ते पाकीट कधी येतच नाही. पत्र छापलंत तर निदान तो नंबर ठळक अक्षरांत छापा ही विनंती.

आपली नम्र,
एक वाचक, ता. कराड, जि. सातारा