लघवीची नळी कधी काढणार, हे राउंडला विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडलेली म्हातारी माणसे मिरज-सांगलीच्या दवाखान्यांत रोज दाखल होतात. कुणाला रॉड टाकतात, कुणाचा गोळा बदलतात. नातेवाइकांचा जीव त्या हाडात आणि टाक्यांत अडकलेला असतो; लघवीच्या नळीबद्दल क्वचितच कुणी विचारते. या शस्त्रक्रियेनंतर लघवीचा जंतुसंसर्ग वरचेवर होतो आणि त्यातला बराचसा टाळता येतो, म्हणून हे पत्र.

नळी घालण्याला आमची हरकत नाही. मोडलेल्या खुब्याखाली भांडे सरकवताना जीव जातो, आणि कमरेतून भूल दिल्यावर मूत्राशय भरल्याचे काही तास कळतच नाही. मुद्दा ती किती दिवस ठेवायची हा आहे. नळी आत असेपर्यंत लघवीत जंतू शिरण्याची शक्यता दर दिवसाला साधारण ३ ते ७ टक्के असते. नळीवर जंतूंचा चिकट थर बसतो, त्यात अँटिबायोटिक नीट पोचत नाही. म्हणून जुनी नळी तशीच ठेवून इंजेक्शने देत राहिले, तर बरे वाटून पुन्हा तीच गत होते. काही वेगळे वैद्यकीय कारण नसेल तर शस्त्रक्रियेनंतर पहिल्या, फार तर दुसऱ्या दिवशी नळी निघायला हवी. ती त्यापुढेही राहते, कारण रात्री भांडे द्यायला माणूस नसतो आणि आजींनाही संकोच वाटतो. ही सोय रुग्णाला भोवते.

नळी आहे तोवर पिशवी मूत्राशयाच्या खाली हवी, पण फरशीला टेकलेली नको. एक्स-रेला नेताना स्ट्रेचरवर पिशवी पोटावर ठेवतात, तेव्हा साचलेली लघवी उलटी आत जाते. नळीसकट जतला, आटपाडीला, अथणीला घरी जाणाऱ्यांच्या गाडीत हेच होते, पिशवी मांडीवर घेतलेली असते. हलवण्याआधी ती रिकामी करा. एरवी दोन तृतीयांश भरली की रिकामी करायची. आधी आणि नंतर हात धुवायचे, तोटी भांड्याला लागू द्यायची नाही, आणि एकच मग साऱ्या वॉर्डात फिरवायचा नाही. नळी आणि पिशवीचा जोड उघडू नये. नळी मांडीला चिकटपट्टीने बांधावी, ओढ बसत नाही. जागा रोज साबण-पाण्याने धुतली की पुरे, जंतुनाशकाची गरज नाही.

नळी काढल्यावर सहा-आठ तासांत लघवी झाली पाहिजे. थोडी थोडी होते आहे म्हणून निर्धास्त राहू नका, तुंबलेले मूत्राशयही असेच सांडते. सोनोग्राफीत आत किती उरली ते दिसते. ४०० मिलीच्या वर असेल तर एकदा नळीने काढून ती नळी लगेच बाहेर घ्यावी; परत कायमची ठेवून देऊ नये. तुंबण्यामागे बहुधा बद्धकोष्ठ, ट्रामाडोलसारखी वेदनाशामके किंवा पुरुषांत वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी असते. भांडे मागावे लागू नये म्हणून पाणी पिणेच कमी करणारे रुग्ण तर पुष्कळ. त्यांना आवर्जून पाणी द्या.

रिपोर्टबद्दलही सांगायला हवे. ताप नाही, जळजळ नाही, पण लघवीत पस सेल्स (पुवाच्या पेशी) किंवा कल्चरमध्ये (लघवीतले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) जंतू दिसले, एवढ्यावर अँटिबायोटिक सुरू करू नये आणि शस्त्रक्रिया तर मुळीच पुढे ढकलू नये. ती ३६ ते ४८ तासांत होणे कितीतरी महत्त्वाचे. म्हातारे माणूस बरळू लागले की लगेच ‘युरीन इन्फेक्शन’ म्हटले जाते. आधी वेदना, पाणी, सोडियम, तुंबलेली लघवी, शौच आणि चालू औषधे तपासा. कल्चरचा नमुना पिशवीतून घेतला तर तो निकामी. नळीवरच्या नमुना घेण्याच्या जागेतून, ती स्पिरिटने पुसून, सुईने घ्यावा. नळी दोन आठवड्यांपेक्षा जुनी असेल तर ती बदलून मगच.

दवाखान्यांना विनंती, की नळी घातल्याची तारीख आणि वेळ चार्टवर ठळक लिहावी आणि सकाळच्या राउंडला ‘आज काढायची का?’ हा प्रश्न रोज व्हावा. तो झाला नाही तर नातेवाइकांनी विचारावा. नळीसकट घरी सोडत असतील तर ती का ठेवली, कोणत्या तारखेला कोण काढणार, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावे.

— अस्थिरोग कक्षातील परिचारिका, मिरज (जि. सांगली)