हप्ता चासीला लागतो, भाडं बॉडीला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ड्रायव्हरने स्वतःचा ट्रक कसा घ्यावा, यावर रविवारच्या पुरवणीत आपण पाऊण पान खर्च केलंत, त्याबद्दल आभार. जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्यापासून शोरूमवाल्यांचे फोन थांबत नाहीत, त्यात मुलाने आपलं कात्रण आणून समोर ठेवलं. दोनदा वाचलं. सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत सांगणारा आकडा, ७५०च्या वर ठेवा, सहा हप्त्यांची रक्कम बाजूला काढा, खर्चाचा तक्ता करा. सहा हप्ते बाजूला काढलेला ड्रायव्हर कुणाच्या पाहण्यात असेल तर कळवावं, नारळ-शाल माझ्याकडून. पण अख्ख्या लेखात 'बॉडी', म्हणजे चासीवर वेगळा बांधून घ्यायचा माल भरायचा भाग, हा शब्द एकदाही नाही. सोबत छापलेला लांब नाकाचा ट्रक अमेरिकेतला दिसतो, तिकडे बॉडी आपोआप उगवत असेल.

मी २०११च्या श्रावणात दहा टायर चासी, म्हणजे इंजिन-चाकांचा नुसता सांगाडा, उचलली. त्याआधी फायनान्सच्या ऑफिसात बसून ४८ चेकांवर सह्या केल्या. तिसाव्या चेकला पेनातली शाई संपली तेव्हा साहेब हसून म्हणाले, "आता तुम्ही मालक." केबिन नसलेली चासी लाकडी खोक्यावर बसून, डोक्याला टॉवेल गुंडाळून, भर पावसात बॉडीवाल्याकडे नेली. तो म्हणाला पंधरा दिवस. लागले त्रेचाळीस. त्याच्याकडे माझ्या आधीच्या चार चासी उभ्या, आणि दिवसाआड लाइट गेली की वेल्डिंग बंद. बॉडी झाली तर पितृपक्ष लागलेला. आई म्हणाली, "या पंधरवड्यात गाडी दारात आणायची नाही." ही चूक आमची, फायनान्सला तिचा दोष देत नाही. घट बसल्यावर आरटीओत पासिंग झालं आणि दसऱ्याला हळदीची पहिली खेप भरली. तोवर ५ सप्टेंबर आणि ५ ऑक्टोबर असे दोन हप्ते गेले होते. गाडीने एक पोतं उचललं नव्हतं आणि ७९,३३४ रुपये भरून झाले.

बॉडी बांधून पासिंग होईपर्यंत हप्ता पुढे ढकला, हे सही करण्याआधी मागता येतं. कधी देतात, कधी नाही. पण मागायचं असतं हेच मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आपल्या तज्ज्ञांनीही सांगितलं नाही.

पुढचंही ऐका. पहिल्या खेपांच्या भाड्याचा ॲडव्हान्स डिझेल, टोल आणि वाराईत, म्हणजे हमालीत, संपला. बॅलन्स, म्हणजे उरलेलं भाडं, माल पोचल्याची सही केलेली पोच जमा केल्यावर मिळतो. पोच दिली, तर ट्रान्सपोर्टवाला म्हणाला, तुळशीचं लग्न होऊ दे, मग बघू. ५ नोव्हेंबरचा चेक परत आला. दंड बँकेने घेतला तो वेगळा, फायनान्सने घेतला तो वेगळा. २०१३ मध्ये दुसऱ्या गाडीसाठी गेलो तेव्हा मॅनेजरने तोच नोव्हेंबर दाखवला. ट्रान्सपोर्टवाल्याने माझे पैसे किती दिवस दाबले, हे कुठल्याच सिबिलमध्ये येत नाही. तज्ज्ञांनी त्याचाही एक तक्ता करावा.

व्याजाबद्दल लेखात 'कमी दर निवडा' एवढंच आहे. वा! मला ९ टक्के सांगितलं होतं. १४ लाख, चार वर्षं, व्याज ५ लाख ४ हजार, हप्ता ३९,६६७. शेजारच्या मास्तरांनी कॅल्क्युलेटर घेऊन हिशेब बसवला तेव्हा कळलं की ते फ्लॅट होतं. म्हणजे शेवटच्या वर्षी मुद्दल फिटत आली तरी व्याज पूर्ण १४ लाखांवरच. घटत्या शिलकीवर मोजलं तर तोच दर १६ टक्क्यांच्या आसपास जातो. परवा मुलाकडे एजंट आला. "साडेआठ टक्के, काका." मी विचारलं, "फ्लॅट की रिड्युसिंग?" त्याने चहा संपवला आणि ब्रोशर ठेवून गेला.

आता तरी सोय झाली आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कर्ज देणाऱ्याने सगळे चार्जेस धरून वर्षाचा खरा दर एका कागदावर, कर्जदाराला समजेल अशा भाषेत लिहून द्यायचा आहे. वाचून विचार करायला किमान तीन कामाचे दिवसही द्यायचे आहेत. म्हणजे मराठीत मागा, घरी न्या, मास्तरांना दाखवा. पाऊण पानात ही दोन वाक्यं बसली नसती का? 'खर्चाचा तक्ता' मात्र रंगीत छापलात, तोही इतक्या बारीक टाइपात की चष्मा पुसून थकलो.

आणखी एक. त्याच दिवशीच्या छोट्या जाहिरातींत 'सिबिल नाही? चिंता नाही! ट्रक लोन २ तासांत' अशा तीन जाहिराती आहेत. काल रात्री त्यातल्या एका नंबरावर फोन लावला. सिबिल विचारलं नाही, लायसन्स विचारलं नाही, गाडी कोणती तेही विचारलं नाही. फाइल चार्जचे ४,९९९ रुपये आधी पाठवा म्हणाला. जाहिरात पेपरात आली आहे ना, मग भरवसा ठेवा, असंही म्हणाला.

आपला,
एक जुना ड्रायव्हर, तासगाव
(नाव छापू नये. मेहुण्याच्या गाडीला जामीन आहे, त्याचे अकरा हप्ते बाकी आहेत.)