म्हाताऱ्या मांजरांचीही तपासणी व्हावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्याच्या तोंडावर गुरांना घटसर्प आणि फऱ्याची लस टोचून घ्या, असे आवाहन आपल्या वृत्तपत्रात दरवर्षी वाचायला मिळते आणि २८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाच्या सुमारास कुत्र्यांच्या लसीकरणाची बातमीही हमखास येते. घरातल्या मांजराविषयी, त्यातही म्हाताऱ्या मांजराविषयी, मात्र कुठे दोन ओळी वाचल्याचे मला आठवत नाही. आमच्या घरी नुकताच जो प्रसंग गुदरला, तो इतरांना वेळेवर उपयोगी पडावा म्हणून हे पत्र लिहीत आहे.

२०११ च्या पावसाळ्यात आमच्या परसातल्या सरपणाच्या ढिगात एका मांजरीने पिल्ले घातली, त्यांपैकी जगलेले एकच पिल्लू म्हणजे आमची चिंगी. मांजराचे चौदावे वर्ष म्हणजे माणसाच्या हिशेबात सत्तरी ओलांडलेले वय. गेल्या दिवाळीपासून तिचे पाणी पिणे वाढले. ओट्याखालची वाटी तिला पुरेनाशी झाली आणि न्हाणीघरातल्या बादलीच्या काठावर पुढचे पाय टेकवून ती बराच वेळ लपलप पाणी पीत राही. तिच्या मातीचा ट्रे एकाऐवजी दोनदा बदलावा लागे. अंग चाटणे कमी झाल्यामुळे पाठीवरचे केस चिकटून त्यांच्या बटा झाल्या होत्या आणि कुरवाळताना कण्याचा एकेक मणका बोटांना लागत असे. रात्री दोन-अडीच वाजता माजघराच्या मध्यभागी उभी राहून ती घोगऱ्या आवाजात ओरडू लागली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "तिचंही वय झालं गं आता, माझ्यासारखं." मलाही तेच खरे वाटले. सासूबाईंची रक्तदाबाची तपासणी आम्ही कधी चुकवत नाही, पण त्याच घरात राहणाऱ्या या म्हाताऱ्या जिवालाही तशा तपासणीची गरज असेल, हे माझ्या मनातही आले नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

शेवटी जेवण निम्म्यावर आल्यावर मी तिला बाजाराच्या पिशवीत घालून एका दवाखान्यात घेऊन गेले. तिथे बसायला एकच बाकडे होते आणि शेजारी एक मोठे कुत्रे सतत भुंकत होते. दीड तासाने आमचा नंबर लागला, तोवर चिंगी तोंड उघडे टाकून धापा टाकू लागली होती. (कुत्र्याने जीभ बाहेर काढून धापा टाकणे नेहमीचे आहे, मांजराच्या बाबतीत मात्र ते गंभीर लक्षण समजावे, हे मला नंतर कळले.) तिला पिशवीतून पूर्ण बाहेरही न काढता जीवनसत्त्वाचे इंजेक्शन आणि टॉनिकची बाटली देऊन आमची बोळवण झाली. वजन केले गेले नाही, कारण तिथला काटा मोठ्या कुत्र्यांसाठी होता. गावोगावच्या गाई-म्हशींच्या प्रसूतीपासून कोंबड्यांच्या साथीपर्यंत सगळे सांभाळणाऱ्या डॉक्टरांवर किती भार असतो, याची मला कल्पना आहे, आणि म्हणूनच हे पत्र मी तक्रार म्हणून नव्हे, तर मागणी म्हणून लिहीत आहे.

त्यानंतर तीन आठवड्यांनी संध्याकाळी दिवा लागलेला असताना चिंगी चालता चालता पलंगाच्या पायावर आदळली. मी बॅटरीचा उजेड तिच्या डोळ्यांवर धरला, पण रुपयाएवढ्या पसरलेल्या तिच्या काळ्या बाहुल्या जराही बारीक झाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला शेजारच्या शहरातल्या दुसऱ्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी फोनवरच काही गोष्टी सांगितल्या होत्या: वरून उघडणारा पिंजरा आणा, त्यात तिच्या रोजच्या अंथरुणाचा कपडा घाला, वरून टॉवेल टाका आणि कुत्री नसतात अशा दुपारी दोनच्या वेळेला या. तपासणी कशी असावी, हे मी त्या दिवशी पाहिले. आधी दहा मिनिटे त्यांनी तिला हातही लावला नाही, खोलीचे दार बंद करून तिला नुसते बसू दिले. मग तान्ह्या बाळाच्या काट्यावर वजन केले, ते २ किलो ८०० ग्रॅम भरले. "काकू, मागचं वजन किती होतं?" असे त्यांनी विचारले आणि मी लसीचे जुने कार्ड पुढे केले. त्यावर दोन वर्षांपूर्वीचे वजन ४ किलो लिहिलेले होते. साठ किलोच्या माणसाचे वजन बेचाळीसवर आले, तर घरातले लोक स्वस्थ बसले असते का, असा विचार तेव्हा माझ्या मनात आला. त्यानंतर जेमतेम दोन बोटे रुंदीचा पट्टा पुढच्या पायाला बांधून त्यांनी पाच-सहा वेळा रक्तदाब मोजला. वरचा आकडा १६० च्या पुढे राहिला तरी मांजराच्या डोळ्यांना आणि मूत्रपिंडाला धोका असतो, चिंगीचा २०० च्या वर होता. त्या दाबानेच डोळ्यांतला पडदा सुटला होता. रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने गाळून बाहेर टाकायचे टाकाऊ द्रव्य, वाढून ३.६ आले, सोनोग्राफीवर पाहून सुईने काढलेली लघवी पाण्यासारखी पातळ निघाली आणि मूत्रपिंडाचा जुना आजार चारपैकी तिसऱ्या टप्प्यावर असल्याचे निदान झाले.

डॉक्टरांनी समजावून सांगितलेली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मूत्रपिंडाची साधारण तीन चतुर्थांश कार्यशक्ती गेल्याखेरीज रक्तातले क्रिएटिनिन सहसा वाढत नाही. वजन मात्र त्याच्या कितीतरी आधी उतरू लागते आणि लघवी पातळ होऊ लागते. म्हणजे दर सहा महिन्यांनी नुसते वजन लिहून ठेवले असते आणि लघवी तपासली असती, तरी हा आजार वर्षभर आधी लक्षात येण्याची शक्यता होती. आता रोज माणसांच्याच रक्तदाबाच्या गोळीचा डॉक्टरांनी ठरवून दिलेला तुकडा, कमी फॉस्फरसचे खाणे आणि आठवड्यातून दोनदा कातडीखाली सलाईन असे उपचार सुरू आहेत. दाब आटोक्यात आला आहे, जेवण सुधारले आहे आणि वजन शंभर ग्रॅमने वाढले आहे. डाव्या डोळ्याला थोडे दिसते, उजवा मात्र कायमचा गेला.

मांजर दुखणे लपवते आणि आपण त्या लपवण्याला वय म्हणतो. भरपूर खाऊनही मांजर वाळत असेल तर थायरॉइडचा किंवा मधुमेहाचा संशय घ्यायला हवा. खाण्याजवळ जाऊन मागे फिरत असेल तर दात आणि हिरड्या पाहायला हव्यात. मांजराने ओट्यावर उडी मारणे सोडले की आपण कौतुकाने "शहाणी झाली" म्हणतो. बारा वर्षांवरच्या शंभर मांजरांच्या क्ष-किरण चित्रांचा अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे, त्यात नव्वद मांजरांच्या सांध्यांची झीज झालेली आढळली होती. अशा लंगडणाऱ्या मांजराला माणसांची पॅरासिटामॉलची गोळी घरच्या घरी देणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांना हात जोडून सांगावेसे वाटते की ही गोळी मांजराला विषासमान आहे. ती पचवण्याची व्यवस्था मांजराच्या यकृतात जवळजवळ नसतेच, त्यामुळे एका गोळीनेही जीव जाऊ शकतो.

मांजर पाळणाऱ्यांनी दहाव्या वर्षापर्यंत वर्षातून एकदा आणि त्यापुढे दर सहा महिन्यांनी तपासणी करून घ्यावी. मधल्या काळात घरीही लक्ष ठेवता येते. आमच्या गल्लीतला किराणा दुकानदार दर महिन्याला चिंगीला प्लास्टिकच्या क्रेटमध्ये बसवून इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलून देतो आणि मी तो आकडा कॅलेंडरवर लिहिते. मोजून ठेवलेल्या पाण्यातले दर किलो वजनामागे ५० मिलिलिटरहून अधिक पाणी रोज संपत असेल, तर डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नये. पिंजराही दवाखान्याच्या दिवशीच माळ्यावरून खाली काढू नये. तो बारा महिने घरात उघडा ठेवला, त्यात कपडा घातला, की मांजराला त्याची भीती वाटत नाही.

राहिला प्रश्न सोयींचा. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत कुत्रे, ससे आणि हत्तीसुद्धा मोजले गेले, मांजर मात्र त्या यादीत नव्हते. ज्याची मोजणी नाही, त्याच्यासाठी तरतूद तरी कोण करणार? तरीही जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयांनी आठवड्यातली एक दुपार केवळ मांजरांसाठी राखून ठेवणे अशक्य नाही. त्यासाठी नवी इमारत नको, एक बंद होणारी खोली, बाळाचा काटा आणि रक्तदाबाचा अरुंद पट्टा एवढेच हवे. परळ, नागपूर, शिरवळ येथील पशुवैद्यक महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन वयस्क मांजरांच्या तपासणीची शिबिरे भरवली, तर या विद्यार्थ्यांनाही अशी मांजरे हाताळण्याचा सराव होईल. खासगी दवाखान्यांनी निदान मांजरांची वेळ कुत्र्यांपासून वेगळी ठेवावी आणि आलेल्या प्रत्येक मांजराचे वजन कार्डावर लिहून द्यावे.

आमच्या भागातल्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याने अशी दुपार सुरू करण्याची तयारी दाखवली, तर तेथे लागणारा बाळाचा वजनकाटा मी स्वखर्चाने घेऊन देईन आणि पहिल्या दिवशी चिंगीला घेऊन रांगेत उभी राहीन.

आपली,
एक वाचक, कराड